हरीण आणि रानडुकरासाठी रिव्हॉल्व्हर: कॅलिबर डुकराकडे बघून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही टेक्सासात ऑस्टिनला राहता, ग्रीन कार्ड आहे, लॅनोजवळ मित्राच्या रँचवर जाता येतं. नोव्हेंबरपासून हरीण आणि वर्षभर रानडुक्कर, दोन्ही रिव्हॉल्व्हरनेच मारायची इच्छा आहे. घरी चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम आहे (हा आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीचा इंचातला साधारण व्यास). ते पुरेल का, .४४ मॅग्नम घ्यावं, की दुकानदार म्हणतोय तसं एकदम .४५४ कॅसुलवर जावं?

.४४ मॅग्नम घ्या. नळी साडेसात इंची, गोळी २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). हरणासाठी एवढं लागत नाही. तुमच्या भागातलं हरीण ३५७ नेही नीट पडतं. पण एकाच हत्याराने दोन्ही जनावरं मारायची असतील तर खालची मर्यादा डुक्कर ठरवतं आणि वरची मर्यादा तुमचं मनगट. ४४ या दोन्हींच्या मध्ये बसतं. ४५४ बहुतेकांच्या मनगटाच्या पलीकडे जातं. रायफल असताना रिव्हॉल्व्हर कशाला, हा वाद मी इथे घालत नाही. ज्याला तीस यार्डांपर्यंत जवळ सरकण्याचा नाद लागला, त्याला तो प्रश्न पडत नाही.

आधी कागदपत्रांचं बोलू. ग्रीन कार्डामुळे तुमची अडचण मिटलेली आहे, पण हे वाचणारे बरेच जण एच-वन-बी, एल-वन किंवा एफ-वनवर असतील, आणि मित्राबरोबर रेंजवर जाताना त्यांना याची कल्पना नसते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक तर सोडाच, काडतूसही बाळगायला मनाई आहे. त्याला ज्या सवलती आहेत त्यातली आपल्या उपयोगाची एकच: अमेरिकेत मिळालेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली.

इथे टेक्सासमध्ये एक मेख आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. ना हंगाम, ना संख्येची मर्यादा, रात्रीही चालतं. व्हिसावरचा माणूस हे ऐकून परवाना काढतच नाही, आणि त्याची केंद्रीय कायद्यातली सवलत तिथेच जाते. तेव्हा डुकरासाठी लागत नसला तरी स्वतःसाठी परवाना काढा, आणि बंदूक विकत घेण्याआधी वकिलाशी बोला. हरणाला तर परवाना, मारलेल्या जनावराला लावायचा टॅग आणि वेळेचं बंधन आहेच: सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. दुकानातून हँडगन घ्यायची तर वय २१ पूर्ण हवं आणि खरेदी आपल्या राहत्या राज्यातच करावी लागते.

टेक्सासमध्ये हरणासाठी काडतूस सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून पेटणारं) असलं की झालं, कॅलिबरची किमान अट नाही. इतर राज्यांत असं नसतं. ओहायोत सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) काडतूस, .३५७ किंवा त्यावरचं कॅलिबर आणि किमान पाच इंची नळी लागते; म्हणजे तुमचं चार इंची तिथे बाद. कोलोरॅडोत पन्नास यार्डांवर ५५० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असावी लागते, आणि ३५७ चं नेहमीचं १५८ ग्रेनचं काडतूस तिथपर्यंत पोचत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालत नाही, तांब्याची गोळी घ्यावी लागते. न्यू जर्सीत एडिसनकडे आपली एवढी मंडळी आहेत, पण तिथे हँडगनने हरीण मारताच येत नाही. आणि सुटीत गावी गेल्यावर कोणी डुकरं उसात घुसतात म्हणून आग्रह करू लागलं, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवा आणि गप्प बसा.

आता मूळ विषय. रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलच्या गोळीसारखी मारत नाही, आणि कॅलिबरबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच होतो. रायफलची गोळी सेकंदाला २,५०० ते ३,००० फूट वेगाने शिरते तेव्हा भोकाच्या आजूबाजूचं मांसही फाटतं. रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण १,००० ते १,४०० फुटांनी जाते. एवढ्या वेगाला आजूबाजूचं मांस ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. गोळीच्या वाटेत जे आलं तेवढंच तुटतं. म्हणून बघायचं ते भोक किती रुंद झालं, किती खोल गेलं आणि ते हृदय-फुप्फुसातून गेलं का.

काडतुसाच्या खोक्यावर फूट-पाउंडाचा आकडा छापलेला असतो. तो काढायची रीत सोपी: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. वेगाचा वर्ग होतो, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी कागदावर नेहमी भाव खाऊन जाते. ३५७ ची १५८ ग्रेनची गोळी १,२५० फुटांनी सोडली तर साडेपाचशेच्या आसपास येतात. जुन्या .४५ कोल्टची २५० ग्रेनची गोळी ८६० फुटांनी गेली तर जेमतेम ४१०. पण जनावरात ती ४५ ची जड, सपाट नाकाची गोळी आरपार जाते, आणि ३५७ ची हलकी पोकळ टोकाची गोळी पहिल्या हाडावर फुलून थांबू शकते. पाऊस किती इंच पडला यावरून विहिरीत पाणी किती ते कळत नाही, तसाच हा आकडा. एकाच कॅलिबरची दोन काडतुसं ताडून बघायला तो ठीक, त्यापुढे नाही.

लॅनो हा भाग स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतो. तिथे हरणं भरपूर, पण अंगाने लहान. पांढऱ्या शेपटीचा मोठा नरसुद्धा जिवंतपणी पन्नास-साठ किलोचा, मादी त्याहून हलकी. आडवं उभं असलेल्या हरणाच्या छातीची जाडी फूटभरही भरत नाही, बरगड्या नाजूक. फऱ्याच्या मागून गेलेली कुठलीही शहाणी गोळी दोन्ही फुप्फुसांतून बाहेर पडते. जाता जाता: त्याच टेकड्यांत तुम्हाला चितळही भेटेल, आपलंच ताडोबातलं चितळ. १९३० च्या दशकात ते टेक्सासात आणून सोडलं आणि आता तिथे मोकळं फिरतं. ते परदेशी जनावर धरलं जातं, त्यामुळे हंगाम नाही, पण शिकार परवाना लागतो. त्याचा नर पांढऱ्या शेपटीच्या नरापेक्षा चांगलाच भारी असतो. ४४ त्याला पुरतं. दक्षिण टेक्सासातल्या नीलगायीच्या नरावर मात्र रिव्हॉल्व्हर घेऊन जाऊ नका. ते जनावर पाव टनाच्या पुढचं आणि मार खाऊनही निघून जाणारं आहे.

डुक्कर वेगळं. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली पाळीव डुकरं रानात गेली, त्यांच्यात १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेली युरोपी रानडुकरं मिसळली, आणि आजचं टेक्सासचं डुक्कर झालं. जात तीच, जी सह्याद्रीत उकिरे काढते. साधारण मोठं डुक्कर पन्नास ते नव्वद किलोचं, पण म्हातारा नर त्याच्या पुढे जातो. त्याच्या फऱ्यांवर आणि बरगड्यांवर कातडीखाली कुर्च्यासारखं कडक कवच असतं. नरानरांच्या मारामारीत सुळ्यांपासून बचाव म्हणून ते वाढतं, आणि म्हाताऱ्या नरात इंचभर किंवा जास्त जाड होतं. वर चिखलाचा वाळलेला थर. खाली चरबी.

त्यात डुकराची रचना फसवी. हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली बसलेली असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणासारखा फऱ्यामागे वीतभर नेम धरला तर गोळी पोटात जाते, आणि पोटात लागलेलं डुक्कर मेस्किटच्या झुडपांत कुठे जाऊन मरतं ते सापडत नाही. बरोबर नेम म्हणजे पुढच्या पायाच्या सरळ रेषेत वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. याचा अर्थ गोळीला फऱ्याचं हाड आणि कवच दोन्ही ओलांडून जायचं आहे. शिवाय शिरल्याचं भोक चरबीने बुजतं, रक्त बाहेर सांडत नाही. माग काढायचा असेल तर पलीकडचं भोक हवंच. डुकरासाठी कॅलिबर निवडताना माझा निकष हा एकच: फऱ्यातून शिरून पलीकडे बाहेर पडेल का?

या निकषावर ३५७ काठावर उभं राहतं. हे काडतूस १९३५ चं, आणि माणसांवर चालवायला ते जेवढं गाजलं तेवढं शिकारीला नाही. दुकानात सहज मिळणारी १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी स्वसंरक्षणासाठी बनवलेली असते. लवकर फुलावी आणि भिंतीपलीकडे जाऊ नये हा तिचा हेतू. डुकराला नेमकं उलटं हवं. ३५७ नेच जायचं असेल तर १८० ग्रेनची कडक शिशाची सपाट नाकाची गोळी घ्या, सहा इंची किंवा लांब नळीतून, तीस-पस्तीस यार्डांच्या आत, आणि मध्यम आकाराच्या डुकरावर. हरणावर १५८ किंवा १८० ग्रेनची शिकारीची गोळी चाळीस-पन्नास यार्डांपर्यंत, जनावर आडवं असेल तरच. चार इंची नळीत वेगही कमी आणि पुढची-मागची साइट जवळजवळ असल्याने नेमातली चूकही मोठी होते. तुमचं ३५७ विकू नका. त्यात .३८ स्पेशल चालतं, स्वस्त आणि हलकं. चापावरचं बोट तयार करायला त्यासारखं काही नाही. गावाकडे लायसन्सवरचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर ज्यांनी पाहिलंय त्यांना ३५७ म्हणजे तोफ वाटते, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

.४१ मॅग्नम १९६४ साली आलं. ४४ चं बरंचसं काम ते कमी झटक्यात करतं, आणि ज्यांच्याकडे आहे ते त्याची भक्ती करतात. पण काडतुसं शोधावी लागतात. स्वतः काडतूस भरणाऱ्याने घ्यावं, बाकीच्यांनी नाही.

.४४ मॅग्नम १९५५ चं. आयडाहोचा रँचर आणि लेखक एल्मर कीथ वर्षानुवर्षं .४४ स्पेशलच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जास्त दारू भरून २५० ग्रेनची सपाट नाकाची गोळी चालवत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता. शेवटी स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने मिळून हे काडतूस बाजारात आणलं. म्हणजे ते मुळातच जनावरासाठी घडलेलं आहे. २४० ग्रेनची गोळी साडेसात इंची नळीतून १,३०० फुटांच्या आसपास जाते, ऊर्जा ९०० फूट-पाउंड. गोळीचा व्यास .४२९ इंच, म्हणजे न फुलताही ३५७ पेक्षा भोकाचं क्षेत्रफळ दीडपटीच्या जवळ. टेक्सासातल्या छोट्या गावच्या दुकानातही काडतूस मिळतं. २०० ग्रेनपासून ३०० ग्रेनपर्यंत गोळ्या आहेत. आणि मुख्य म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये ४४ स्पेशल चालतं, त्यामुळे सराव मऊ काडतुसाने करता येतो. मनगटाला पूर्ण ताकदीचं ४४ झेपत नसेल तर २४० ग्रेनची कडक शिशाची गोळी १,००० ते १,१०० फुटांनी चालवा. तीस यार्डांवर डुकराला फरक कळत नाही, तुमच्या नेमाला कळतो.

.४५ कोल्टबद्दल जरा सावध राहून सांगतो, कारण इथे बोटं जाऊ शकतात. हे १८७३ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस. त्याची प्रमाणित दाबमर्यादा १४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड), तर ४४ मॅग्नमची ३६,०००. पण पुंगळी मोठी आहे, आणि रुगर कंपनीच्या मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉकसारख्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये ती जास्त दाबाने भरली तर ४४ च्या बरोबरीने उभी राहते, तेही थोड्या रुंद भोकाने. हाताने भरणाऱ्यांचं ते लाडकं आहे. धोका असा की साध्या आणि जास्त दाबाची ४५ कोल्टची काडतुसं बाहेरून सारखी दिसतात. जास्त दाबाचं काडतूस कोल्टच्या जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये (ज्यात काडतुसावर आपटणारा घोडा दर वेळी हाताने मागे ओढावा लागतो), त्याच्या इटालियन नकलेत किंवा रुगरच्याच लहान फ्रेमच्या न्यू वकेरोमध्ये गेलं तर सिलिंडर फुटू शकतो. घरात दोन ४५ कोल्ट असतील आणि त्यातलं एक नाजूक असेल, तर जास्त दाबाची काडतुसं घरात आणूच नका. साध्या दाबाचं, २५५ ग्रेनच्या सपाट नाकाच्या गोळीचं काडतूस मात्र तीस यार्डांत हरणाला पुरेसं आहे, आवाज आणि झटका दोन्ही सोसवणारे.

मग ४५४ कॅसुल, .४६० आणि .५००. ४५४ ची दाबमर्यादा ६५,००० पीएसआय आहे, म्हणजे बऱ्याच रायफलींच्या पंक्तीला बसणारी. ऊर्जा ४४ च्या जवळजवळ दुप्पट. २००३ साली आलेलं ५०० स्मिथ अँड वेसन त्याच्याही पुढे, आणि लांब नळीचं ते रिव्हॉल्व्हर दोन किलोंचं. अलास्कात अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्याने किंवा एल्क हे भलं मोठं हरीण मारणाऱ्याने यांचा विचार करावा. लॅनोच्या हरणाला आणि डुकराला जे ४४ करत नाही असं यातलं एकही काही जास्त करत नाही, कारण ४४ ची गोळी आधीच आरपार गेलेली असते. पलीकडच्या मातीत ती आणखी खोल गेली तर आपला काय फायदा? उलट ४५४ पूर्ण ताकदीने वाजवणारा माणूस थोड्याच दिवसांत गोळी सुटण्याआधी डोळे मिटायला आणि नळी खाली दाबायला लागतो. ती सवय लागते चटकन आणि जायला फार वेळ घेते. ४५४ च्या बाजूने एकच मुद्दा मला मान्य आहे: त्याच्यात ४५ कोल्टही चालतं, आणि ज्याला भारी बांध्याचं ४५ कोल्ट हवंय त्याने तसं वापरायला ते घ्यावं. दुकानदार बहुधा हे सांगत नाही.

गोळीची निवड कॅलिबरइतकीच महत्त्वाची. दोन घराणी आहेत. एक, जॅकेट असलेली पोकळ टोकाची, जी आत जाऊन फुलते. हॉर्नाडीची एक्सटीपी त्यातली सगळीकडे मिळणारी. दुसरी, कडक मिश्रधातूची ओतीव शिशाची, रुंद सपाट नाकाची, जी फुलत नाही पण सरळ आणि खोल जाते. हरणाला पहिली बरी: बरगड्या पातळ, गोळी फुलते, हरीण लवकर बसतं. डुकराला दुसरी. दोन्हींसाठी एकच ठेवायची तर मी ओतीव सपाट नाकाचीच ठेवेन. हरीण कदाचित पन्नास पावलं जास्त पळेल, पण भोक दोन्ही बाजूंनी असेल आणि रक्ताचा माग स्वच्छ मिळेल. ४४ मध्ये २४० ग्रेनची एक्सटीपी मध्यम डुकरावरही चालते. म्हाताऱ्या नरासाठी ३०० ग्रेनची घ्या. गोल नाकाची शिशाची गोळी कुठल्याच जनावरावर नको. ती मांस बाजूला सारत जाते, कापत नाही.

हत्यार कोणतं? रुगरचं सुपर ब्लॅकहॉक सिंगल ॲक्शन आहे, साधं, दणकट, आणि पैशाच्या मानाने त्याच्याशी स्पर्धा करणारं फार थोडं आहे. त्याचं हंटर मॉडेल घेतलं तर साडेसात इंची नळीच्या पट्टीवर स्कोप बसवायच्या खाचा तयार मिळतात. सुपर रेडहॉक दीड किलोचं, डबल ॲक्शन, म्हणजे नुसता चाप ओढूनही चालणारं. वजन झटका पिऊन टाकतं. स्मिथ अँड वेसनचं ६२९ हाताळायला जास्त सफाईदार, पण सतत जड काडतुसं चालवायची तर मी रुगर निवडेन. जुनं सेकंडहँड रुगर सिंगल ॲक्शन मिळालं तर ते १९७३ च्या आधीचं आहे का बघा. त्या जुन्या रचनेत घोडा खाली पडलेल्या जागी भरलेलं काडतूस असेल आणि बंदूक हातातून पडली तर गोळी सुटू शकते. त्यात पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. कंपनी त्यात सुधारणा फुकट बसवून देते, ती करून घ्या.

चाळिशी ओलांडली की उघड्या साइट्सवर पुढची माशी धूसर होते. लाल ठिपक्याची छोटी साइट किंवा कमी पॉवरचा हँडगन स्कोप बसवायला लाज वाटू देऊ नका. रायफलचा स्कोप इथे चालत नाही, डोळ्यापासून हातभर लांबून दिसणारा लागतो. आणि पकड. सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या बारीक फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. टेकू घेताना आधाराचा हात किंवा बोट फटीजवळ येऊ देऊ नका. मोठ्या काडतुसांत त्याने बोट कायमचं जायबंदी होऊ शकतं. पिस्तुलावर शिकलेल्यांना ही सवय मुद्दाम लावावी लागते. ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या खोपटात) बसून नळी खिडकीच्या बाहेर काढूनच चाप ओढायचा, आणि कानाला इलेक्ट्रॉनिक मफ. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो आणि डबड्यासारख्या ब्लाइंडमध्ये तो परत अंगावर येतो. एका गोळीने कान कायमचे वाजायला लागलेले लोक मला माहीत आहेत.

अंतराचा नियम मी कागदी ताटलीवर ठरवतो. सहा इंची ताटली लावा, आणि ज्या टेकूवर शिकारीत बसणार त्याच टेकूवरून, थंड नळीने, पहिल्या पाचही गोळ्या ताटलीत पडतील असं सगळ्यात लांबचं अंतर शोधा. चारच पडल्या तर पुढे सरका. बहुतेकांचं उघड्या साइट्सवर ते पंचवीस ते पस्तीस यार्ड निघतं, लाल ठिपक्यावर पन्नासच्या आसपास. तुमची मर्यादा तीच, काडतूस शंभर यार्डांचं असलं तरी. ४४ ची साइट पन्नास यार्डांवर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी जुळवली तर शंभरावर गोळी पाच-सहा इंच खाली पडते. तेवढं सावरता येईल असं वाटतं, पण हरणाने एक पाऊल टाकलं की हिशोब संपला. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, जनावरांसाठी मका टाकणाऱ्या फीडरवर शिकार चालते. तेव्हा ब्लाइंडच फीडरपासून पंचवीस-तीस यार्डांवर लावा. रायफलवाल्या मित्राचं ब्लाइंड शंभरावर असेल, ते आपल्या कामाचं नाही.

सराव आधी स्पेशलने, मग पूर्ण काडतुसाने, आणि एका बैठकीत पूर्ण ताकदीच्या दोन-तीन सिलिंडरांपेक्षा जास्त नको. त्यापुढे शरीर फक्त दचकायला शिकतं. मित्राला सिलिंडरमध्ये मधूनच वापरलेली रिकामी पुंगळी भरायला सांगा. घोडा रिकाम्यावर पडला आणि नळी खाली झुकली तर दोष कॅलिबरचा नाही.

गोळी लागल्यावर हरीण आडवं पडलं नाही तर अर्धा तास थांबा. फुप्फुसात लागलेलं हरीण पन्नास ते शंभर यार्ड पळून मरतं; मागे धावलात तर मैलभर जातं. डुकराकडे पाठीमागून जा, दुसरी गोळी तयार ठेवून. डोळा उघडा आणि स्थिर असेल, काठीने स्पर्श केल्यावरही हलला नाही, तरच हात लावा. हातमोजे मात्र घातलेले हवेत. टेक्सासच्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो आणि तो पोट फाडताना रक्तातून, हातावरच्या बारीक जखमेतून माणसात येतो. मोजे आणि काढलेली आतडी यांची नीट विल्हेवाट लावा, सुरी नीट धुऊन घ्या. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे, गुलाबी ठेवायचं नाही. आपल्या सुक्क्याच्या पद्धतीत ते आपोआप होतं. खायला पन्नास किलोच्या आतली मादी बघा. कवचवाला म्हातारा नर शेताचं नुकसान थांबवायला मारायचा, त्याच्या मांसाला वास येतो आणि तो कुठल्याच मसाल्याने जात नाही.